दुष्काळात कोण आलं

भिगवणजवळ भादलवाडीचं तळं आहे. तळ्यातल्या झाडांवर चित्रबलाकांची मोठी वसाहत असते. ती बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. गळ्यात कॅमेरे अडकवलेली चांगली माणसं असतात, हळू बोलतात, पक्ष्यांना त्रास देत नाहीत. त्यांना कधी कधी सांगावंसं वाटतं, की पाव्हणं, हे तळं पक्ष्यांसाठी कुणी केलं नव्हतं. १८७६ साली पाऊस गेला आणि आमच्या भीमथडी-इंदापूर भागातली माणसं उपाशी पडली, त्या दुष्काळात काम म्हणून हे खणायला घेतलं. बारामतीकडचा शिरसुफळचा तलावही त्याच दुष्काळातला. निरा डाव्या कालव्याचं कामही तेव्हाचंच. त्या कालव्यानं पुढं बारामतीच्या निम्म्या तालुक्यात ऊस उभा केला. आज बागायतदार म्हणून मिशीला पीळ भरणाऱ्यांच्या पाटात ते दुष्काळातल्या मजुरांचं पाणी आहे. आम्ही जिरायती पट्ट्यातले, आम्हाला त्या पाण्याचा फक्त वास यायचा.

त्या दुष्काळाचं वाचायला बसलं की घास उतरत नाही. आधीच्याच वर्षी, १८७५ च्या मे महिन्यात, आमच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरावर जाऊन कर्जाचे कागद जाळले होते. इंग्रजांनी त्याला दख्खनचे दंगे म्हटलं. म्हणजे माणूस आधीच कर्जानं खंगलेला, आणि वरून आभाळ फिरलं. सरकारनं पाहणीला रिचर्ड टेंपल नावाचा साहेब पाठवला. त्यानं हिशेब केला आणि कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे असं ठरवलं. पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. एवढ्यावर दिवसभर टिकाव मारायचा. माणसांनी टिकाव टाकले आणि कामावरून उठून गेली. उपाशी माणसानं संप करावा यावरून काय ते समजा. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं या सगळ्याची कागदोपत्री दाद मागितली. जोतिराव फुल्यांनी आणि त्यांच्या सत्यशोधकांनी धनकवडीला पोरांसाठी अन्नछत्र घातलं. दक्षिण हिंदुस्थान धरून त्या दोन-तीन वर्षांत पन्नास लाखांच्या वर माणूस गेलं असं मानतात.

दुष्काळाच्या गोष्टीत पाऊस किती पडला, धारण काय होती, जनावरं किती मेली हे सगळे लिहितात. मला त्यातलं एकच वाचायचं असतं. त्या वेळी दारात कोण आलं, आणि येताना काय घेऊन आलं? आमच्या भागात या प्रश्नाच्या उत्तरात ख्रिस्ती माणसं दोनदा येतात. एकदा केडगावला, एकदा बारामतीला. मी माळकरी घरातला. तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरला जाते, त्या वाटेवर आमच्या तीन पिढ्यांनी वारकऱ्यांना भाकरी घातलीय. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्न-अन्न करत गेली, हे आम्हाला लहानपणी सांगितलं जायचं. त्यामुळं भुकेल्याला कुणी घास दिला तर त्याचं नाव घ्यायचं, एवढंच मला कळतं.

पंडिता रमाबाई शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपतात. माझ्या दहावीपर्यंतच्या शिक्षणात तरी एवढ्याच भेटल्या. त्या स्वतः दुष्काळातली पोर होत्या, हे मला पुढं वाचनालयातल्या पुस्तकांतून कळलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, तीर्थाटन करत पुराण सांगायचे. बायकोला आणि पोरीला संस्कृत शिकवलं म्हणून स्वतःच्या लोकांचा रोष घेतलेला माणूस. १८७४ च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकून झालं, मग रानातला पाला खाऊन दिवस काढले. रमाबाईंनी पुढं हे सगळं लिहून ठेवलं आणि त्यात एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली. आम्हाला मजुरी करता येत नव्हती आणि भीक मागायची लाज वाटत होती, असं त्या म्हणतात. विद्या होती, पण टिकाव धरायची सवय नव्हती. वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, मोठी बहीण गेली. आई शेवटच्या घटका मोजत असताना तिला काही खायला मिळावं म्हणून ही पोर शेजारच्या दारात गेली, तर तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईनं समजून भाकरीचा तुकडा दिला. आईला तो खाता आला नाही.

मग भाऊ आणि ती, दोघं पायी हिंडत कलकत्त्याला पोचली. तिथं लोकांनी ‘पंडिता’ म्हटलं, ‘सरस्वती’ म्हटलं. भाऊ गेला, लग्न झालं, नवरा पटकीनं गेला, पदरात मुलगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात असताना त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवायला, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. हे सगळं घाईत सांगतोय, कारण मला केडगावला पोचायचंय.

केडगाव म्हणजे पुणे-दौंड लोहमार्गावरचं ठेसन. त्या काळात केडगाव आणि बारामती एकाच भीमथडी तालुक्यात. रमाबाईंनी तिथं शंभरेक एकर रान घेतलं ते दुष्काळाआधी. पैसा परक्या देशातल्या देणगीदारांकडून यायचा, तो किती दिवस येणार? आपल्या संस्थेला आपल्या रानातून उत्पन्न हवं, म्हणून फळबाग लावायची, विहीर पाडायची. हे वाचलं तेव्हा मला ही बाई एकदम आपल्यातली वाटली. भाषण करणारे पुष्कळ असतात, पण उपाशी माणसाचा विचार करताना ज्याला आधी विहीर सुचते तो शेतकऱ्याच्या जातीचा.

१८९६-९७ ला पुन्हा दुष्काळ आला. मध्य प्रांतात, जबलपूरच्या बाजूला, हाल फार होते. रमाबाईंकडं तेव्हा शिल्लक फार नव्हती. पण आपले ते दिवस आठवले आणि त्या निघाल्या. तिथल्या दुष्काळी छावण्यांत अनाथ पोरी आणि तरण्या विधवा काय अवस्थेत आहेत ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं. भुकेल्या पोराला भुकेचाच धोका असतो, भुकेल्या पोरीला माणसांचाही असतो. पोरी गोळा करायला दलाल हिंडत होते. रमाबाईंनी जवळजवळ तीनशे मुली-बाया आणल्या. पुण्याला आणल्या तर पुण्यात प्लेग सुरू. दुष्काळातली एवढी माणसं शहरात ठेवायची नाहीत असं सरकारी फर्मान निघालं. मग त्या सगळ्यांना घेऊन बाई केडगावच्या रानात आल्या. घर नाही, छप्पर नाही. तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या घातल्या. फळबागेसाठी घेतलेल्या रानात माणसांचीच लावण झाली.

तिथं जे झालं त्यातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. आलेल्या पोरींच्या अंगावर कातडं आणि हाडं, डोक्यात उवा, अंगाला फोड, काहींना रोग. त्यांना धुवायचं, चारायचं, उठवायचं कुणी? शारदा सदनातल्या ज्या विधवा मुली काही वर्षांपूर्वी स्वतः आसऱ्याला आल्या होत्या, त्या पुढं झाल्या. एकेकीनं काही पोरी वाटून घेतल्या आणि आईसारख्या सांभाळल्या. त्यातल्या कितीतरी बामणाघरच्या. ज्यांची सावली कधी या पोरींवर पडली नसती त्या त्यांचं डोकं विंचरत बसल्या. धर्मबदलाचा हिशेब मांडणाऱ्यांनी हीही नोंद वहीत करावी.

नाव ठेवलं मुक्ती. १८९९-१९०० ला तिसरा मोठा दुष्काळ पडला, गुजरातेत ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात तो. आता गुजरात-राजपुतान्याकडूनही पोरी आल्या. केडगावच्या रानात दोन हजारांच्या आसपास बाया-पोरी झाल्या. दोन हजार! आमच्या गावाची आजची लोकसंख्याही एवढी नाही. एवढ्या माणसांना दोन वेळ घालायचं म्हणजे रोज किती दळण, किती जळण, किती पाणी. वरून पाऊस नाही. विहिरी पाडल्या. पोरी शेतात राबल्या, गाई-म्हशी राखल्या, तेलाचा घाणा चालवला, मागावर कापड विणलं, टोपल्या वळल्या. छापखाना टाकला आणि तोही बायकांनीच चालवला. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची पुष्कळ वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घातली. त्याचे खिळे जुळवणाऱ्या याच पोरी. आंधळ्यांसाठी वेगळं सदन होतं, तिथं ब्रेल शिकवत. फसवल्या गेलेल्या, घरानं टाकलेल्या बायांसाठी कृपासदन होतं.

आपल्या आईवडिलांबद्दल त्यांनी जे लिहिलं, त्याचं उत्तर मला इथं दिसतं. आम्हाला राबता येत नव्हतं म्हणून आम्ही मेलो, असा त्यातला चटका. केडगावात एक पोर अशी नव्हती जिच्या हाताला काम शिकवलं नाही. पुस्तक आणि पाटी-खोरं दोन्ही.

दौंडला नॉर्टन नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं त्याच दुष्काळाच्या सुमाराला अनाथ मुलग्यांसाठी घर काढलं. केडगावला पोरी, दौंडला पोरं. नगर आणि सोलापूरकडं अमेरिकन मराठी मिशन होतंच. म्हणजे आमच्या चारी बाजूंनी हे काम चाललं होतं. पण बाकीच्यांच्यात आणि रमाबाईंच्यात एक फरक होता. ते साहेब होते. दुष्काळ संपला की त्यांना बोटीत बसून जायला घर होतं. रमाबाई सुती पांढरं लुगडं नेसून केडगावात राहिल्या आणि १९२२ साली तिथल्याच मातीत गेल्या. मनोरमा त्यांच्या आधी एक वर्ष गेली होती.

आता धर्मबदलाचं. ते टाळून पुढं जाणं मला पटत नाही.

शारदा सदन काढताना रमाबाईंनी सांगितलं होतं, की इथं कुणावर धर्माची सक्ती नाही. पण त्या स्वतः प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडं असे, आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. १८९३ ला त्यावरून पुण्यात मोठा गदारोळ झाला. ‘केसरी’नं झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या पाठीराख्यांनी सल्लागार म्हणून असलेलं अंग काढून घेतलं. कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. पुढं मुक्ती तर उघड उघड ख्रिस्ती संस्था म्हणूनच उभी राहिली, आणि दुष्काळातून आलेल्या पुष्कळ पोरी ख्रिस्ती झाल्या. हे खरं आहे. ज्याच्या हातचं खातो त्याचा देव बरा वाटू लागतो, यात नवल नाही, आणि ज्याच्या ताटात आपण वाढतो त्याच्या मनावर आपलं वजन पडतं, हे वाढणाऱ्यानं कधी विसरू नये. लहान पोर काय निवड करणार? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पण १८९७ साली जबलपूरच्या वाटेवर त्या पोरींसाठी आक्षेप घेणाऱ्यांपैकी कोण उभं होतं, हा प्रश्नही खोटा नाही. दोन्ही एकाच पाटीत घेऊन चालावं लागतं. जड होतं, पण इलाज नाही.

आणि ही बाई कुणाच्या ओंजळीनं पाणी पिणारी नव्हती, हेही बघा. ख्रिस्ती झाल्या तरी इंग्लंडातल्या ज्या जोगिणींच्या मठात राहायच्या, त्यांच्याशी त्यांचे वाद चालले. जेवणात मांस सोडाच, अंडं पडलेलंही चालत नसे. क्रूस घालायचा तर त्यावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असं विचारायच्या. मोठ्या धर्मगुरूंनी सांगितलं म्हणून मान डोलावली नाही. पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यात बायकांची काय हेळसांड होते ते त्यांनी १८९७ ला वर्तमानपत्रात लिहिलं, तर ते विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेलं आणि गव्हर्नरला खुलासा करावा लागला. बामणांनी वाळीत टाकलेली, साहेबांना डोईजड झालेली अशी ती बाई. अशांचं कुणाकडूनच नीट कौतुक होत नाही.

आता बारामतीकडं येतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या एका मंडळीचं मिशन बारामतीत आलं आणि राहिलं. देशाची फाळणी झाली तेव्हा निर्वासितांना मदत करायला इथल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी मिळून एक संस्था काढली, तिचं लांबलचक नाव चर्चेस ऑक्झिलिअरी फॉर सोशल ॲक्शन. आम्ही ‘कासा’ म्हणायचो. परदेशातून मदत म्हणून आलेलं धान्य आणि तेल त्यांच्याकडं असायचं. साठच्या दशकाच्या अखेरीला आमच्या भागात पावसानं ओढ दिली तेव्हा बारामतीतल्या काही माणसांनी, त्यात तेव्हाचे तरुण आमदार शरद पवार होते, कासाकडं एक मागणं मांडलं. धान्य फुकट वाटू नका, कामाच्या बदल्यात द्या. काम कसलं, तर पाझर तलावाचं. तांदूळवाडीचा तलाव त्यातला सुरुवातीचा. मग जिरायती भागात एकामागून एक तलाव झाले. १९७१ ला आप्पासाहेब पवारांच्या पुढाकारानं ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि कामाला घडी बसली. शारदानगरला आज शेतीचं केवढं मोठं काम दिसतं, त्याच्या मुळाशी ही दुष्काळातली घमेली आहेत.

पाझर तलाव म्हणजे काय ते शहरातल्या वाचकासाठी सांगतो. याला पाट नसतो. नाल्याच्या आडवा बांध घालायचा. आधी नाल्याच्या पोटात चर खणायचा, थेट कठीण लागेपर्यंत. त्या चरात काळी माती भरून, पाणी मारून ठासायची. हा गाभा. त्याच्या दोन्ही अंगाला मुरूम चढवायचा, पाण्याच्या बाजूला दगड रचायचे, एका कडेला सांडवा काढायचा. पावसाळ्यात पाणी अडतं आणि महिनोन्महिने खाली मुरतं. तलाव दिवाळीनंतर रिकामा दिसायला लागला की नवखा माणूस म्हणतो, वाया गेला. वाया नाही गेला, तो खालच्या विहिरींत उतरला.

आमचं गाव बारामती आणि इंदापूर तालुक्याच्या शिवेवर. आमचा तलाव १९७२ च्या दुष्काळातला. मी बारा वर्षांचा होतो. बहात्तर साल आमच्या पिढीच्या अंगावर गोंदलेलं आहे. राज्यभर दुष्काळी कामं निघाली, खडी फोडायची, रस्ते, नाले, तलाव, आणि पुढच्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणूस कामावर होतं. रेशनला अमेरिकेचा लाल मिलो. त्याची भाकरी थापली की फाटायची, खाल्ली की घशात अडकायची. सरकारी कामावर सुकडी मिळायची, ती आम्हा पोरांना आवडायची. आमच्या तलावावर कासाचं धान्य आलं. गव्हाचा भरडा आणि तेलाचे डबे. डब्यावर दोन हात एकमेकांत गुंफलेले असं चित्र होतं. ते रिकामे डबे पुढं पंधरा-वीस वर्षं घरोघर पाण्याला, दाण्याला, अंघोळीला होते. आमच्या न्हाणीत एक गंजेपर्यंत होता.

त्या तेलावरून घरात वांधा झाला. कुणीतरी गावात उठवलं, की ह्यात चरबी हाय, बाटवायला धाडलंय. आजी पक्की माळकरीण. तिनं डबा वळचणीला लावून ठेवला.

आबा म्हणाले, “आये, पोरं मिलो कोरडाच गिळत्यात. तेल हाय घरात.”

“गिळू दे. माझ्या चुलीवर ते यायचं न्हाय.”

“मग इठ्ठलाच्या दिव्यात घालून बघ. त्येला चाललं तर आपल्याला चालंल.”

आजीनं बराच वेळ विचार केला. मग सांजच्याला दिव्यात ते तेल घातलं आणि समोर जागत बसली. दिवा पहाटेपर्यंत जळला. चरबी असती तरी जळलाच असता, हे आबांना ठाऊक होतं, आजीलाही असणार. पण सकाळी तिनं डबा वळचणीतून काढला आणि त्या दिवशी कोरड्यास फोडणी बसली.

कामावर हजेरी आणि मापं बघायला मिशनकडून एक मराठी ख्रिस्ती गृहस्थ यायचे. सायकलवर, डोक्याला रुमाल बांधून. लोकांना वाटतं मिशन म्हणजे गोरा साहेब. आमच्याकडं आलेला माणूस आमच्यासारखाच काळासावळा, आमच्यासारखंच बोलणारा. वाटप सुरू करायच्या आधी एखादं मिनिट डोळे मिटून उभा राहायचा आणि मग पोती उघडायचा. कुणाला काही सांगितलं नाही, कागद वाटले नाहीत. माप मात्र एवढं काटेकोर की मुकादमाला त्यांचा राग यायचा, कारण मुकादमाचं त्यात काही उरायचं नाही. त्यांचे वाडवडील महारवाड्यातले, हे गावानं आल्या दिवशीच हुडकून काढलं होतं. गाव असल्या बाबतीत फार तल्लख असतं. तर झालं असं, की त्यांच्या हातनं धान्य सगळे घ्यायचे आणि पाणी प्यायला मात्र त्यांना वरून ओतायचे. ओंजळ धरून ते प्यायचे, तोंड पुसायचे आणि कामाला लागायचे. एका दुपारी आबांनी त्यांच्या हातात तांब्या दिला. दोन-चार जण बघत राहिले. आबा म्हणाले, “दाणं चालत्यात, मग पाण्यानं काय घोडं मारलंय?” त्या दिवसापासून आमच्या पाटीवर तरी तांब्या चालू झाला. सगळ्या गावात झाला असं म्हणणार नाही.

ख्रिस्ती लोकांच्या शास्त्रात शेवटच्या न्यायाची एक गोष्ट आहे. तिथं देव माणसाला पूजा किती केली ते विचारत नाही, भुकेल्याला आणि तहानेल्याला काय दिलं ते विचारतो, आणि वर म्हणतो की तो भुकेला मीच होतो. एका पाद्र्याकडून ही गोष्ट ऐकली तेव्हा मला ते वरून ओतलेलं पाणी आठवलं. तहानलेला त्या दिवशी देणाराच होता.

आमच्या गावात त्या धान्यापायी एकही माणूस ख्रिस्ती झालं नाही. पाच वर्षांनी नाही, पन्नास वर्षांनी नाही. हे मी आज मुद्दाम लिहितोय, त्याला कारण आहे. दोन वर्षांमागं गावानं तलावातला गाळ उपसला. तरण्या पोरांनी वर्गणी काढली, मशिन लावलं, ट्रॅक्टरनं गाळ माळावरच्या रानात टाकला. फार चांगलं काम झालं. मग ठरलं, की तलावावर एक फलक लावू, तलावाचा इतिहास लिहू. मी चार अक्षरं लिहितो म्हणून मजकूर माझ्याकडं आला. मी दोन ओळी लिहिल्या. हा तलाव १९७२-७३ च्या दुष्काळात गावातल्या बाया-गड्यांनी खणला, आणि मजुरीचं धान्य ‘कासा’ या ख्रिस्ती संस्थेकडून आलं.

पोरांतला एक हुशार, माझ्या पुतण्याच्या बरोबरीचा. म्हणाला, “अण्णा, ते दुसरं वाक्य नको. उगं कशाला त्यांचं नाव? ते काय फुकट देत नसत्यात.”

“फुकट दिलंच न्हाय. काम करून घेतलं. त्या कामावर तू उभा हायस.”

“तसं न्हाय. ‘एका सामाजिक संस्थेकडून’ असं लिवा ना.”

“तुझ्या आजानं त्या डब्यातलं तेल खाल्लं. तो सामाजिक संस्थेचं म्हणून न्हाय खात होता.”

तो हसला, पण हटला नाही. त्याचंही मी समजू शकतो. मोबाईलवर रोज काय काय येतं, आणि बाटवाबाटवीच्या गोष्टीत सगळंच खोटं असतं असंही नाही. म्हणून मी त्याला केडगावची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, १८९३ च्या गदारोळासकट आणि ख्रिस्ती झालेल्या पोरींसकट. त्यानं नीट ऐकलं. मग विचारलं, “आन् त्या पोरींचं पुढं काय झालं?” हा प्रश्न मला बरा वाटला. मी सांगितलं, काहींची लग्नं झाली, काही शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, काही तिथंच राहून पुढच्या पोरी सांभाळत म्हाताऱ्या झाल्या. मुक्ती मिशन आजही चालू आहे. टाकलेल्या पोरी, निराधार बाया, अपंग, आंधळ्या अजून तिथं येतात. दुष्काळ नसला तरी येतात.

फलकाचा पत्रा अजून ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलाय. पहिली ओळ रंगवून झाली, दुसरीची जागा मोकळी आहे. पेंटर दोनदा विचारून गेला. येत्या रविवारी त्या पोराला घेऊन केडगावला जायचं ठरलंय. मोटारसायकलनं जाऊ म्हणत होता, मी म्हटलं, बारामतीहून दौंडला आगीनगाडीनं जाऊ, मधी शिरसुफळ ठेसन लागतं.

जाताना तळ्याचीही गोष्ट सांगता येईल.